विश्लेषण : ॲक्सोलॉटलने खाणे सोडले? खाद्य बदलण्याआधी पाणी तपासा!

गुलाबी अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचे हसू. 'माइनक्राफ्ट' या गेममध्ये २०२१ साली ॲक्सोलॉटल आला आणि जगभरातल्या मुलांनी घरात तो पाळण्याचा हट्ट धरला. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या ॲक्वेरियमच्या दुकानांतून आणि ऑनलाइन हा प्राणी विकला जातो. तिथून तो कोकणातल्या घरातही पोहोचू शकतो. घेताना तो धडधाकट असतो, गांडुळावर झडप घालतो. मार्च सरता सरता मात्र खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

मालक मग खाद्य बदलून पाहतो. गांडूळ नको तर कोळंबी, कोळंबी नको तर गोळ्या. टाकीच्या तळाशी न खाल्लेले तुकडे सडतात, पाणी बिघडते आणि प्राणी आणखी खंगतो. खरे तर ॲक्सोलॉटलची भूक हा पाण्याच्या प्रकृतीचा मापक आहे. तो खात नसेल तर 'याला काय आवडेल?' याआधी 'पाणी किती अंशांवर आहे आणि त्यात काय मिसळले आहे?' हे विचारायला हवे. कुडाळसारख्या उष्ण, दमट गावात तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा ठरतो.

हा प्राणी आहे तरी कोण?

ॲक्सोलॉटलला 'चालणारा मासा' म्हणतात, पण तो मासा नाही. बेडकासारखाच तो उभयचर आहे, सॅलॅमँडरच्या कुळातला. बेडकाचे पिल्लू मोठे होताना कल्ले गमावते आणि जमिनीवर येते. ॲक्सोलॉटल मात्र पूर्ण वाढ झाली, अंडी घालू लागला तरी कल्ल्यांसह आयुष्यभर पाण्यातच राहतो. तुटलेला पाय किंवा शेपटी तो पुन्हा उगवू शकतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचे मोठे कुतूहल आहे. २०१८ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. तो माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे दहापट मोठा निघाला.

निसर्गात त्याचे घर एकच : मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडचे सोचिमिल्कोचे कालवे. तिथे १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार ॲक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये हा आकडा ३६ वर आला. म्हणजे पाळीव प्राणी म्हणून जगभर पसरलेला हा जीव मूळ घरात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

नकाशावर पाहिले तर मेक्सिको सिटी साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या मुंबईच्याच ओळीत. मग त्याला आपली हवा का मानवत नाही? कारण उंची. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटरवर आहे. आपली थंड हवेची आंबोली सातशे मीटरच्या आसपास. आंबोलीच्या तिप्पट उंचीवरच्या थंड पाण्यात घडलेला हा जीव आपण समुद्राजवळच्या सखल गावात आणून ठेवतो.

उष्णतेने भूक का मरते?

ॲक्सोलॉटल थंड रक्ताचा आहे. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याइतकेच असते. १६ ते १८ अंश सेल्सिअस हे त्याला सर्वांत मानवणारे पाणी. २० अंशांच्या वर पाणी दीर्घकाळ राहिले की ताण सुरू होतो आणि २४ अंशांच्या पुढे जिवाला धोका वाढत जातो.

पाणी तापले की त्याच्या शरीरातल्या क्रियांचा वेग वाढतो, म्हणजे प्राणवायूची गरज वाढते. पण त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. १८ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. गरज वाढली आणि पुरवठा आटला, अशा वेळी शरीर पहिली काटछाट पचनात करते. त्यातच उबदार पाण्यात बुरशी आणि जिवाणू जोमाने वाढतात आणि ताणामुळे प्राण्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. म्हणून आज भूक गेली आणि चार दिवसांनी कल्ल्यांवर कापसासारखे पुंजके दिसले, असा क्रम अनेकदा घडतो.

दुसरे कारण अमोनिया. प्राण्याच्या विष्ठेतून आणि सडलेल्या खाद्यातून तो पाण्यात येतो. फिल्टरमध्ये वाढलेले उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणले तर पहिला महिना त्याला स्वतःच्याच विषात काढावा लागतो.

इथेही उष्णता आगीत तेल ओतते. अमोनियाचा एक भाग विशेष विषारी असतो. पीएच ७ आणि तापमान २० अंश असेल तर हा भाग हजारात सुमारे चार असतो. पीएच ८ आणि तापमान ३० अंश झाले की तो हजारात सत्तरच्या पुढे जातो. चाचणीत अमोनिया तेवढाच दिसतो, पण त्याचा घाव कितीतरी पटींनी वाढलेला असतो.

किती दिवस उपाशी राहिला तर काळजी करायची?

पूर्ण वाढ झालेला ॲक्सोलॉटल रोज खात नाही. त्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा खाद्य पुरते. त्यामुळे निरोगी, भरल्या अंगाच्या मोठ्या प्राण्याने आठवडाभर खाल्ले नाही तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. नवीन आणलेला प्राणी प्रवासाच्या आणि जागाबदलाच्या ताणाने काही दिवस लपून बसतो. पिल्लाचे तसे नाही. त्याला रोज खाद्य लागते आणि दोन-तीन दिवसांची उपासमारही त्याला झेपत नाही.

दिवस मोजण्यापेक्षा अंग पाहावे. वरून पाहिल्यावर पोटाची रुंदी डोक्याइतकी असेल तर प्रकृती ठीक. पोट डोक्यापेक्षा स्पष्टपणे अरुंद झाले तर तो खंगतो आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याने भरलेल्या डब्यासह आठवड्यातून एकदा वजन करून, डब्याचे आणि पाण्याचे वजन वजा करून लिहून ठेवले तर डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो. कल्ले पुढच्या बाजूला वळणे आणि शेपटीचे टोक आकड्यासारखे मुडपणे या ताणाच्या खुणा आहेत.

कुडाळमध्ये पाणी थंड ठेवणे इतके अवघड का?

कोकणात उन्हाळ्यात घरातल्या टाकीचे पाणी सहज २८ ते ३० अंशांवर जाते. ते १८ वर आणायचे तर किती उष्णता काढावी लागेल, याचे गणित सोपे आहे. शंभर लिटर पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ४१८ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. फ्रीजरमधली एक लिटर बर्फाची बाटली वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण साडेचारशे किलोज्यूल शोषते. म्हणजे एक बाटली, जेमतेम एक अंश. दहा अंशांसाठी नऊ-दहा बाटल्या, तेही एकदाच. बाहेरची उष्णता आत येतच राहते, त्यामुळे काही तासांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय बाटल्यांमुळे तापमान सतत वर-खाली होते आणि हे हेलकावेही प्राण्याला सोसत नाहीत.

'पाण्यावर पंखा लावा' हा सल्ला सर्रास दिला जातो. पंख्याने पाण्याची वाफ होते आणि पाणी थंड होते, माठासारखेच. पण माठ विदर्भात जितके गार पाणी देतो तितके कोकणात देत नाही, हे आपण सगळेच जाणतो. हवेत ३८ अंश उष्णता आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ही मर्यादा २७ अंशांवरच अडते. कोकणातल्या मे महिन्यात पंखा कितीही वेगाने फिरवला तरी १८ अंश गाठणे भौतिकशास्त्राच्या नियमात बसत नाही.

उरतो ॲक्वेरियमचा चिलर. हे छोटे शीतयंत्र पाणी फिरवून ठरावीक तापमानाला ठेवते. खोलीला एसी असला तरी २४ अंशांच्या खोलीत पाणी १८ अंशांवर येणार नाही. चिलरवरचा भार मात्र कमी होईल. चिलर स्वतःची उष्णता खोलीतच सोडतो, म्हणून तो बंद कपाटात कोंडू नये.

चिलर नसेल किंवा वीज गेली तर?

पावसाळ्यात झाड पडले, तार तुटली की कोकणात तासन् तास वीज नसते. चिलरबरोबर फिल्टरही थांबतो आणि त्यातले उपयुक्त जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. तो मासे पाळण्याचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो.

तातडीचा उपाय म्हणून प्राण्याला लहान, झाकणाच्या टबमध्ये हलवता येते. झाकणाला हवेसाठी भोके हवीत आणि टबमधले पाणी क्लोरीनमुक्त हवे. वीस लिटर पाणी थंड करायला शंभर लिटरच्या पाचव्या हिश्शाइतकीच उष्णता काढावी लागते, त्यामुळे इथे बर्फाची बाटली खरोखर उपयोगी पडते. हा टब मासळीच्या जाड थर्माकोलच्या खोक्यात ठेवला तर गारवा टिकतो. खोके अगदी स्वच्छ धुतलेले असावे. टबमध्ये फिल्टर नसल्याने त्यातले पाणी रोज पूर्ण बदलावे लागते आणि नवे पाणी आधीच त्याच तापमानाला आणून ठेवावे लागते.

पाणी एकदम गार करू नये. दिवसाला दोन-तीन अंश पुरे. मासळीबाजारातला बर्फही थेट पाण्यात टाकू नये. तो कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही. बर्फ नेहमी घट्ट बंद बाटलीत असावा.

विहिरीचे पाणी चालते का?

नगरपंचायतीच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून त्यात क्लोरीन घालवणारे औषध वापरावेच लागते. विहिरीच्या पाण्यात एरवी क्लोरीन नसते. पण पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर तीच काळजी घ्यावी.

जांभ्या दगडातल्या विहिरींचा प्रश्न वेगळा आहे. हे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. पिण्यासाठी ते गोड, पण ॲक्सोलॉटलला थोडे क्षारयुक्त, पीएच साडेसातच्या आसपासचे पाणी मानवते. अमोनियाचा निचरा करणारे जिवाणूही पाण्यातले क्षार वापरत असतात. मृदू पाण्यात ते लवकर संपतात, पीएच घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. चांगला फिल्टर असूनही अमोनिया दिसण्याचे हे एक कारण असू शकते.

यावर दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवतात. तो हळूहळू विरघळतो आणि पाण्यात क्षार येतात. चुरा टाकीच्या तळाशी पसरू नये, कारण ॲक्सोलॉटल खाद्याबरोबर तोही गिळतो. क्रमही महत्त्वाचा. पीएच वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणून आधी पाणी बदलून अमोनिया शून्यावर आणावा, मगच क्षारांकडे वळावे.

थेंबांनी चाचणी करायचा संच घरात ठेवावा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट शक्यतो २० पीपीएमच्या आत, हे तीन आकडे पाळायचे. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते म्हणून ते सुरक्षित असते असे नाही.

मग खायला काय द्यावे?

पाणी ठीक झाल्यावरच खाद्याचा विचार करावा. मोठ्या ॲक्सोलॉटलसाठी गांडूळ हे उत्तम, जवळजवळ परिपूर्ण खाद्य. कोकणात गांडूळखताचे हौद अनेकांच्या बागेत असतात, पण तिथे एक गोम आहे. गांडूळखतातले बारीक, लाल, पट्टेदार गांडूळ डिवचले की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते. त्याची चव ॲक्सोलॉटलला आवडत नाही आणि अनेकदा तो ते तोंडात घेऊन थुंकून टाकतो. 'खात नाही' अशी तक्रार असताना प्रत्यक्षात त्याने फक्त हेच गांडूळ नाकारलेले असू शकते. जाड, बिनपट्ट्याचे गांडूळ देऊन पाहावे.

दुसरी खबरदारी त्याहून मोठी. आंबा-काजूच्या ज्या बागेत कीटकनाशकांची फवारणी होते तिथले गांडूळ देऊ नये. उभयचरांची त्वचा आणि आतडी अशा रसायनांना फार हळवी असतात.

संध्याकाळी दिवे मंद करून, स्वच्छ धुतलेला गांडुळाचा तुकडा बोथट चिमट्याने तोंडाजवळ हळू हलवावा. त्याला पापण्या नसतात, त्यामुळे लख्ख उजेडात तो बाहेर येत नाही. दहा मिनिटांत खाल्ले नाही तर तुकडा काढून टाकावा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा. जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नये. जिवंत लहान मासे टाळावेत. त्यांच्यातून परजीवी येतात आणि ते त्याचे कल्लेही कुरतडतात.

पाणी उत्तम आणि खाद्य योग्य असूनही तो खात नसेल तर तळ पाहावा. त्याच्या तोंडात मावतील असे खडे टाकीत असतील तर त्याने ते गिळले असण्याची शक्यता असते. अनेक दिवस विष्ठा न होणे, पोट फुगणे, इच्छा नसताना वर तरंगत राहणे ही त्याची लक्षणे. तळ एकतर मोकळा ठेवावा किंवा त्याच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत गोटे ठेवावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

कल्ल्यांवर किंवा अंगावर कापसासारखी वाढ, त्वचेवर लाल चट्टे, अंग फुगणे, तळाशी जाता न येणे, तापमान आणि पाणी सुधारूनही भूक न परतणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती प्रयोग थांबवावेत. माशांसाठीची औषधे, विशेषतः तांबे असलेली, ॲक्सोलॉटलला घातक ठरतात. मिठाचे पाणी, काळा चहा, फ्रीजमध्ये ठेवणे हे इंटरनेटवरचे लोकप्रिय उपायही पशुवैद्यकांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत. चुकीच्या कारणावर केलेला योग्य उपायही जीव घेऊ शकतो.

ग्रामीण भागातल्या पशुवैद्यकांचा रोजचा अनुभव गाई-म्हशी, शेळ्या, कुत्र्यांचा असतो. त्यामुळे प्राणी आजारी पडण्याआधीच गोवा, कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबईत उभयचरांचा अनुभव असलेले डॉक्टर शोधून त्यांचा नंबर जवळ ठेवावा. त्यांना फोन करताना तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, शेवटचे खाणे, शेवटची विष्ठा आणि वजन एवढी माहिती समोर असावी. टाकीचा आणि प्राण्याचा वरून काढलेला फोटोही पाठवावा.

कायदा काय सांगतो?

ॲक्सोलॉटल 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि 'साइट्स'मधील प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राने नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यानुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना 'परिवेश २.०' या पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते. नवा प्राणी घेतल्यास ३० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. प्राण्याचे हस्तांतर, त्याला झालेली पिल्ले आणि त्याचा मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते. विक्रेत्याकडून कागदपत्रे न मागता घेतलेला प्राणी पुढे अडचणीचा ठरू शकतो.

झेपत नसेल तर नदीत सोडावा का?

अजिबात नाही. भंगसाळ नदीच्या किंवा विहिरीच्या कोमट पाण्यात तो जगणार नाही. पण मरण्याआधी तो आपल्यासोबतचे रोग तिथे सोडून जाऊ शकतो. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात उभयचरांच्या अनेक प्रजाती संपवल्या आहेत आणि पश्चिम घाटातल्या बेडकांमध्येही ती आढळली आहे. आंबोलीच्या सड्यावर राहणारा, २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड किंवा तिथल्या मातीतले देवगांडूळ हे आपल्याच जिल्ह्याचे दुर्मीळ उभयचर आहेत. टाकीचे जुने पाणीही ओढ्यात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते शौचालयात टाकावे. प्राणी सांभाळणे जमत नसेल तर थंड पाण्याची सोय असलेल्या अनुभवी पालकाकडे, कागदोपत्री हस्तांतर करून द्यावा.

तर मग पाळावा की नाही?

नीट सांभाळलेला ॲक्सोलॉटल दहा वर्षे आणि त्याहून अधिक जगतो. म्हणजे कोकणातले दहा उन्हाळे. प्रत्येक उन्हाळ्यात चोवीस तास चालणारा चिलर, त्याचे वीजबिल, वीज गेल्यावरची पर्यायी सोय आणि दर आठवड्याची पाण्याची चाचणी हा खर्च प्राण्याच्या किमतीत धरला तरच हिशेब खरा होतो. तो परवडत नसेल तर मुलांना जूनमध्ये पहिल्या पावसानंतर रात्री आंबोलीला नेऊन बेडूक दाखवणे हा जास्त चांगला बेत आहे. आणि टाकी घरात आधीच असेल, तर आज रात्री खाद्य टाकण्याआधी त्यात एक थर्मामीटर टाका. आकडा वीसच्या वर असेल, तर तो का खात नाही याचे उत्तर बहुतेक तिथेच मिळेल.